यूएसबी रीसेट की मोडेम रीसेट? लिनक्सवर डोंगल अडकलं की आधी काय करायचं

विक्रोळीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून, एका प्लास्टिकच्या डब्यात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा लिनक्स कंप्यूटर बसवलाय. टाकीत पाणी किती आहे ते तो मोजतो आणि फोरजी डोंगलवरून सेक्रेटरीकाकांच्या फोनवर पाठवतो. पालिकेचं पाणी येऊन गेलं की पंप किती वेळ चालवायचा, ते त्यावर ठरतं. डोंगल अडकलं की काकांचा फोन येतो: "अरे, तुझा पाय लंगडतोय परत." मग सात मजले आणि वर एक जिना चढायचा, डोंगल उपटायचं, दहापर्यंत मोजायचं आणि परत खोचायचं.

जिन्याला कंटाळून मी स्क्रिप्ट लिहिली: नेट गेलं की डोंगल रीसेट कर. स्क्रिप्ट इमानदारीत चालायची, लॉगमध्ये 'रीसेट झाला' असंही लिहायची, आणि नेट काही यायचं नाही. कारण रीसेट दोन असतात आणि मी करत होतो तो भलताच.

पहिला यूएसबी रीसेट. हा पूर्णपणे कंप्यूटरच्या बाजूचा मामला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या पोर्टच्या दोन्ही डेटा तारा काही मिलिसेकंद खाली ओढून धरतो. डोंगल आपला यूएसबीवरचा पत्ता विसरतं, कर्नल पत्ता परत देतो, ड्रायव्हर पुन्हा जोडला जातो. यूएसबीयुटिल्स या पॅकेजच्या नव्या आवृत्त्यांत यासाठी 'यूएसबीरीसेट' नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो. सिसएफएसमधल्या (कर्नल डिव्हाइसची सेटिंग जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो, तिथल्या) 'ऑथराइज्ड' फाइलीत आधी ० आणि मग १ लिहूनही जवळपास तेच साधतं. पण या सगळ्यात वीज देणाऱ्या पाच व्होल्टच्या तारेला कोणी हातही लावत नाही. डोंगल म्हणजे स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असलेला एक छोटा कंप्यूटरच. तो बहुतेक वेळा आत जसाच्या तसा चालू राहतो आणि टॉवरशी बोलताना जिथे अडकला होता तिथेच अडकलेला राहतो. शेजाऱ्याच्या दाराची बेल दुरुस्त केली म्हणून शेजारी झोपेतून उठतोच असं नाही.

दुसरा मोडेम रीसेट. यात डोंगलमधल्या मोडेमलाच, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागालाच, सांगायचं, बाबा रे, तू बंद होऊन परत चालू हो. सांगायची भाषा एटी कमांडची, म्हणजे मोडेमला टाइप करून द्यायच्या छोट्या हुकमांची; ही पद्धत १९८१च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलीय. कमांड आहे एटी+सीएफयूएन=१,१ (टाइप करायची अर्थात रोमन अक्षरांत). पहिला १ म्हणजे सगळं काम चालू, दुसरा १ म्हणजे त्याआधी रीसेट हो. मोडेम सांभाळणारा मोडेममॅनेजर हा लिनक्सचा प्रोग्राम चालू असेल तर या कमांड जिथून जातात तो पोर्ट त्याच्या ताब्यात असतो. तिथे दुसऱ्याने घुसून एटी पाठवली की उत्तरं कोणाची कोणाला जातील सांगता येत नाही. त्यापेक्षा मोडेममॅनेजरच्याच एमएमसीएलआय या कमांडला मोडेमचा क्रमांक आणि 'रीसेट' हा पर्याय द्यावा. ही सोय प्रत्येक मोडेमला नसते. नसेल तर तो तसं सांगतो.

आपण नेमका कोणता रीसेट केला, ते डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, दिसतं. यूएसबी रीसेटनंतर 'रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ५' अशी ओळ येते, नंबर तोच राहतो. मोडेम खरोखर रीस्टार्ट झाला तर आधी ५ नंबर 'डिस्कनेक्ट', मग काही सेकंद शांतता, मग नवा डिव्हाइस, नंबर ६. माझ्या जुन्या लॉगमध्ये महिनाभर नुसते पाचच पाच होते. हे आधी बघायला हवं होतं.

आता कोणता कधी? यासाठी एक साधी चाचणी आहे. मोडेममॅनेजर थांबवा, मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रामने पोर्ट उघडा आणि नुसतं 'एटी' पाठवा. 'ओके' आलं तर यूएसबीचा रस्ता ठणठणीत आहे. यूएसबी रीसेट करून काही मिळणार नाही, दुखणं आत आहे, मोडेम रीसेट करा. उत्तरच आलं नाही, किंवा लॉगमध्ये उणे ७१, उणे ११० असे एरर दिसत असतील, तर आधी यूएसबी रीसेट. कारण मोडेम रीसेटची कमांडसुद्धा त्याच रस्त्याने जायची असते. रस्ताच बंद असेल तर निरोप पोचणार कसा?

मोडेम रीसेटनंतर काही गमती होतात. काही डोंगलं परत येताना आधी ड्रायव्हरची सीडी बनून येतात. यूएसबी मोडस्विच या प्रोग्रामने त्यांना पुन्हा मोडेम करावं लागतं. जुना पोर्ट एखाद्या प्रोग्रामने धरून ठेवला असेल तर पोर्टचं नाव बदलतं, टीटीवाययूएसबी०चा टीटीवाययूएसबी३ होतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये 'सीरियल'खालच्या 'बाय-आयडी' फोल्डरातलं नाव वापरा. मोडेममॅनेजरही त्याच मोडेमला नवा क्रमांक देतो, ० होता तो १ होतो. माझी स्क्रिप्ट एकदा रात्रभर ० क्रमांकाला हाका मारत बसली होती. हायलिंक प्रकारचं डोंगल असेल तर ते लिनक्सला नेटवर्क कार्डसारखं दिसतं. तिथे एटीचा पोर्ट सहसा नसतोच. डोंगलच्या वेब पेजवरून रीबूट करायचं.

'फॅक्टरी रीसेट' हे तिसरंच प्रकरण. त्यात सेटिंग पुसली जातात. त्याच्या वाटेला जाऊ नका.

दोन्ही रीसेट हरले तर वीज तोडणं उरतं. यूएचयूबीसीटीएल हा प्रोग्राम हे करतो, पण यूएसबी हबच्या (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीच्या) हार्डवेअरमध्ये ती सोय असली तरच. लॅमिंग्टन रोडवरून मी दोन हब आणले. 'पोर्ट बंद झाला' असं दोन्ही हबांनी कळवलं आणि डोंगलचा निळा दिवा लुकलुकतच राहिला.

आता माझी स्क्रिप्ट आधी 'एटी' विचारते. ओके आलं तर मोडेम रीसेट. नाही आलं तर यूएसबी रीसेट, अर्धा मिनिट थांबून परत 'एटी'. त्यालाही दाद मिळाली नाही तर ती गप्प बसते, काकांचा फोन येतो आणि मी चपला घालतो.