सर्दीच्या गोळीचे नाव तेच, आतली औषधे बदलत गेली

मृगाचा पाऊस लागला की गोव्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास सुटतो आणि घरटी एकाचे तरी नाक गळू लागते. म्हापसा असो वा मडगाव, फार्मसीत "सर्दीची गोळी द्या" एवढे म्हटले की पट्टीतून कात्रीने चार गोळ्या कापून मिळतात. नाव बहुधा लहानपणापासून ओळखीचे असते. अडचण इथेच आहे. नाव टिकले, पण गेल्या पंचवीस वर्षांत त्याखालची औषधे बदलली, आणि कापलेल्या तुकड्यावर घटकांची ओळ अनेकदा येतच नाही.

अख्ख्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत साधारण असे छापलेले असते: पॅरासिटामॉल 500 मिग्रॅ, फेनिलेफ्रिन हायड्रोक्लोराइड 10 मिग्रॅ, क्लोरफेनिरामिन मॅलिएट 2 मिग्रॅ, कधी जोडीला कॅफिन 30 मिग्रॅ. हे घटक वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी एका गोळीत आले.

क्लोरफेनिरामिन हे अँटीहिस्टामिन. हिस्टामिन म्हणजे अ‍ॅलर्जीत शिंका आणि खाज आणणारे शरीरातलेच रसायन. ते काय करते हे हेन्री डेल यांनी 1910 च्या सुमारास दाखवले. त्याला अडवणारे पहिले रसायन पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टाऊब यांना 1937 मध्ये सापडले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, पण वाट उघडली. बोव्हे यांना 1957 चे नोबेल मिळाले. डायफेनहायड्रामिन आणि क्लोरफेनिरामिन ही दोन्ही 1940 च्या दशकातली. या पहिल्या पिढीच्या औषधांचा दोष असा की ती मेंदूपर्यंत पोहोचतात. झोप येते, तोंड कोरडे पडते, लघवी अडू शकते. धूळ, बुरशी, परागकण यांच्या अ‍ॅलर्जीत शिंका आणि खाज थांबवण्याचे काम ती चोख करतात. विषाणूच्या सर्दीत मात्र हिस्टामिनचा वाटा थोडाच असतो. तिथे नाक थोडे सुकते, ते बरेचसे कोरडेपणाच्या याच दुष्परिणामामुळे.

गोळीचा परिणाम काही तासांत ओसरला असे वाटते, पण क्लोरफेनिरामिनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला मोठ्या माणसात वीसेक तास लागू शकतात. रात्री घेतलेली गोळी सकाळी सहाला स्टँडवर उभ्या राहणाऱ्या मोटरसायकल पायलटच्या (दुचाकी टॅक्सीवाल्याच्या) अंगात अजून असते. बार्जवर, ट्रॉलरवर, खाणीच्या ट्रकवर काम करणाऱ्यांचेही तेच. वर फेणीचा एक पेग घेतला तर झापड दुणावते. नंतर आलेली सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही औषधे मेंदूत फार कमी शिरतात. त्यातही सेटिरिझिनने काहींना सुस्ती येते. निव्वळ अ‍ॅलर्जी असेल आणि गाडी चालवायची असेल, तर मिश्र गोळीपेक्षा यातले एकच औषध डॉक्टरांना विचारून घेणे केव्हाही शहाणपणाचे.

चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या औषधाचा इतिहास जास्त वळणांचा आहे. माहुआंग या चिनी वनस्पतीतून नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये एफेड्रिन वेगळे केले. 1924 मध्ये चेन आणि श्मिट यांनी त्याच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ते जगभर गेले. नाकाच्या आतल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या ते आकसवते. पण इतरत्रही तेच करते, म्हणून रक्तदाब चढतो, छाती धडधडते, झोप उडते. अँटीहिस्टामिनची झोप आणि याची तरतरी एकमेकांना तोलतील, ही कल्पना मिश्र गोळीला पोषक ठरली. प्रत्यक्षात एकाच माणसाला पेंगही येते आणि धडधडही होते.

एफेड्रिनची दोन भावंडे पुढे गोळ्यांत शिरली: फिनाइलप्रोपेनोलामिन आणि स्यूडोएफेड्रिन. पहिल्याचा संबंध मेंदूतल्या रक्तस्रावाशी, विशेषतः स्त्रियांमध्ये, दिसल्यावर अमेरिकेने नोव्हेंबर 2000 मध्ये ते बाजारातून काढायला सांगितले. भारतात बंदीची अधिसूचना फेब्रुवारी 2011 मध्ये निघाली. दुसऱ्यापासून मेथॅम्फेटामिन हे नशेचे द्रव्य बनवतात, म्हणून अमेरिकेत 2006 पासून ते काउंटरच्या मागे गेले, आणि आपल्याकडेही अमली पदार्थ कायद्याखाली तो नियंत्रित पदार्थ आहे. उरले फेनिलेफ्रिन. कंपन्यांनी जुन्या नावाखाली तेच भरले.

आणि ते तोंडावाटे जवळजवळ काम करत नाही. आतड्याच्या भिंतीतच त्याचे इतके विघटन होते की काम करू शकेल असे औषध रक्तात एक टक्काही पोहोचत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये एफडीए या अमेरिकी औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने 16 विरुद्ध 0 मतांनी ते निरुपयोगी ठरवले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये एफडीएने ते मान्य यादीतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. हे फक्त गोळी-सिरपबद्दल. नाकात मारायच्या स्प्रेला लागू नाही. स्प्रे आणि थेंब काम करतात, पण त्यांतले झायलोमेटाझोलिन हे औषध आठवडाभराहून जास्त वापरले तर औषध उतरताच नाक पहिल्यापेक्षा घट्ट चोंदते. पाच दिवसांवर थांबावे.

साधे मीठपाणी मात्र मोठ्यांनी हवे तितके दिवस वापरावे. अर्धा लिटर पाण्यात पाऊण छोटा चमचा मीठ. पाणी उकळून गार केलेलेच हवे. विहिरीचे कच्चे पाणी नाकात अजिबात घालू नये.

रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी मिश्र गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. फेनिलेफ्रिनच्या 10 मिग्रॅने बहुतेकांचा रक्तदाब फारसा हलत नाही, हे खरे. पण घरात पडलेल्या गोळीत नेमके काय आहे हे पाहिल्याशिवाय हा दिलासा कामाचा नाही.

सर्वांत जास्त गफलत पॅरासिटामॉलची होते. ताप म्हणून 650 ची गोळी चारदा, सर्दी म्हणून 500 ची मिश्र गोळी चारदा: 2600 अधिक 2000, म्हणजे 4600 मिग्रॅ. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 आहे, आणि रोज पिणाऱ्याला बरेच डॉक्टर 2000 च्या आत ठेवतात. यकृताची हानी सुरुवातीला जाणवत नाही, म्हणून ही बेरीज आधीच करावी. चारच गोळ्या घ्यायच्या असतील तर कापण्याआधी अख्ख्या पट्टीच्या मागचा फोटो घ्यावा, मुदतीच्या तारखेसकट.

केंद्राने 2016 मध्ये 344 मिश्र औषधांवर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि फेरतपासणीनंतर 2018 मध्ये 328 वर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट 2024 च्या 156 च्या यादीतही सर्दीची मिश्रणे होती. म्हणजे गेल्या पावसाळ्यात उरलेली पट्टी आज विक्रीत असेलच असे नाही.

मुलांच्या बाबतीत नियम आणखी कडक झाले. क्लोरफेनिरामिन 2 मिग्रॅ आणि फेनिलेफ्रिन 5 मिग्रॅ यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला मुले दगावली, त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष निघाले. लेबलवर मात्र हीच ओळखीची जोडी आणि पॅरासिटामॉल होते. त्यानंतर 3 ऑक्टोबर 2025 च्या केंद्रीय सूचनेत दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याचे औषध देऊच नये आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळावे असे सांगितले गेले. त्याहून मोठ्या मुलाला डॉक्टरांनी सिरप लिहून दिलेच, तर ते बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे, घरातल्या चमच्याने नव्हे. बाळाचे नाक चोंदले असेल तर दूध पाजण्याआधी मीठपाण्याचे तयार थेंब, प्रत्येक नाकपुडीत एक-दोन. बाळ दूध ओढत नसेल किंवा श्वास घेताना छाती आत खेचली जात असेल तर लगेच इस्पितळ गाठावे.