साठी-सत्तरीनंतर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया : पुढे किरणोपचार घ्यावेत का?

रुग्णाच्या ने-आणीसाठी आणि सोबतीच्या मदतनीस बाईंसाठी आमच्याकडे नाव नोंदवताना अनेक कुटुंबे विचारतात, की आईचे वय पंचाहत्तर आहे, गाठ लहान होती, ती काढूनही झाली. मग आता शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायलाच हवेत का? याचे उत्तर तिचे डॉक्टरच देऊ शकतात. त्यांच्यासमोर बसण्यापूर्वी घरच्यांना काय ठाऊक असावे, तेवढे या पत्रकात मांडले आहे. फेऱ्या वाढल्या की आमचे उत्पन्न वाढते, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे.

हा प्रश्न मुख्यतः फक्त गाठ काढून स्तन राखलेल्या स्त्रियांचा आहे. त्यातही किरणोपचार टाळण्याचा विचार करता येतो तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट अनुकूल असेल तरच : गाठ तीन सेंटीमीटरपर्यंतची, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, काखेतील गाठींत कर्करोग नाही आणि ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे कर्करोगाच्या पेशींवर इस्ट्रोजेन या हार्मोनला प्रतिसाद देणारे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. ईआर नुसता पॉझिटिव्ह असून भागत नाही, तो किती आहे हेही पाहावे लागते, कारण तो कमी असलेल्या स्त्रियांमध्ये किरणोपचार न घेतल्यास आजार त्याच स्तनात परतण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले आहे. एचईआर-२ (पेशींची वाढ वेगाने घडवणारे एक प्रथिन) पॉझिटिव्ह किंवा ग्रेड ३, म्हणजे पेशी जास्त आक्रमक दिसणारा कर्करोग, असेल, तर केवळ वयाकडे बोट दाखवून उपचार सोडू नयेत.

या विषयावरील महत्त्वाची चाचणी ‘प्राइम-२’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात पासष्ट वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या, वर सांगितल्यासारखी लहान गाठ असलेल्या आणि हार्मोनची गोळी घेणाऱ्या 1,326 स्त्रिया होत्या, आणि तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोपचार न घेतलेल्या शंभर जणींपैकी नऊ-दहा जणींना त्याच स्तनात पुन्हा कर्करोग झाला, घेतलेल्यांमध्ये सुमारे एकीलाच. मात्र दहा वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, म्हणजे 81 टक्क्यांच्या आसपास होते, आणि बहुतेक मृत्यू अन्य कारणांनी झाले होते. म्हणजे अशा रुग्णांत किरणोपचारांमुळे आयुष्य वाढल्याचे दिसत नाही. त्याच स्तनात आजार परतण्याची शक्यता मात्र निश्चित घटते. पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ नये, याला आपल्या आई किती महत्त्व देतात, हे त्यांनाच विचारावे. मुलांनी बाहेरच्या खोलीत परस्पर ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरी मेख या हार्मोनच्या गोळीत आहे. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन साधारण पाच वर्षे रोज घ्यावी लागते. लेट्रोझोल व अनास्ट्रोझोलमुळे सांधे दुखतात आणि हाडे विरळ होतात, टॅमॉक्सिफेनमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. त्यामुळे कित्येक जणी ती मध्येच बंद करतात आणि घरी सांगतही नाहीत. किरणोपचार नाकारले आणि पुढे गोळीही सोडली, तर दोन्ही संरक्षणे गेली. रक्तदाबाची गोळी ज्या चुकवतात, त्यांच्या बाबतीत हा मुद्दा डॉक्टरांपुढे अवश्य काढावा.

किरणोपचार पूर्वी पाच-पाच आठवडे चालत. आता बहुतेकदा तीन आठवड्यांत पंधरा वेळा देतात, आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीनंतर काही केंद्रांत योग्य रुग्णांना आठवड्याभरात पाच वेळा देऊनही ते पूर्ण करतात. आपल्या बाबतीत किती, हे नोंदणीपूर्वीच विचारून घ्यावे. आधी नियोजनाचे स्कॅन होते व छातीवर खुणा केल्या जातात. त्या पेनाच्या असल्यास आंघोळीत घासून पुसू नयेत. टेबलावर हात डोक्यामागे नेऊन निश्चल पडावे लागते, म्हणून खांदा आखडलेल्या बाईंनी शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम टाळू नयेत. डाव्या स्तनासाठी हृदयाला किरण कमी लागावेत म्हणून काही ठिकाणी श्वास रोखून धरायला शिकवतात. या दिवसांत थकवा येतो, त्वचा लालसर होते. सैल सुती ब्लाउज बरा.

विरार किंवा डोंबिवलीहून परळपर्यंत रोज येणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे, की लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो. उपचारांची कागदपत्रे सोबत ठेवावीत. डॉक्टरांशी बोलून किरणोपचार न घेण्याचे ठरल्यास आमच्याकडे भरलेली आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळेल.