निळा डगला, पिवळे मोजे

इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात हॉर्शमजवळ एक जुनी निवासी शाळा आहे. शाळेचं नाव क्राइस्ट्स हॉस्पिटल. तिथली मुलं आजही लांब निळा डगला, पिवळेजर्द मोजे, कमरेला कातडी पट्टा आणि गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या अशा वेशात वर्गात बसतात. या नावाचं आणि वेशाचं मूळ एकच आहे. शाळा निघाली ती लंडनच्या रस्त्यावरच्या अनाथ, उपाशी पोरांसाठी. ‘हॉस्पिटल’ म्हणजे त्या काळी निराधारांना आसरा देणारी जागा, आपल्याकडच्या धर्मशाळेसारखी.

आठव्या हेन्रीनं इंग्लंडमधले मठ बंद केले, तेव्हा मठांतून मिळणारं अन्नछत्रही बंद झालं. लंडनमध्ये भीक मागणाऱ्या मुलांची गर्दी वाढली. १५५२ मध्ये बिशप निकोलस रिडली यांनी हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड याच्यासमोर प्रवचन करताना गरिबांचा प्रश्न मांडला. राजानं शहराच्या लॉर्ड मेयरला पत्र धाडलं, नागरिकांनी वर्गणी काढली आणि न्यूगेट स्ट्रीटवरच्या रिकाम्या पडलेल्या ग्रेफ्रायर्स मठात त्याच नोव्हेंबरमध्ये ३८० मुलं दाखल झाली. राजानं शाळेच्या सनदेवर सही केली २६ जून १५५३ रोजी, आणि ६ जुलैला तो गेला. वय अवघं पंधरा. स्वतः मरणाच्या दारात असलेल्या एका पोरानं हजारो पोरांची सोय लावली, हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

पहिल्या नाताळात ही मुलं तांबूस भरड कापडात रांगेनं उभी होती. पुढच्या ईस्टरला त्यांना निळे कपडे मिळाले आणि तेव्हापासून निळा रंग कायम राहिला. निळा रंग स्वस्त होता, लंडनचे नोकरचाकर आणि उमेदवारी करणारी मुलं तोच वापरत. म्हणजे हा डगला अंगावर आला की पोर धर्मादायावर वाढतंय हे लांबूनच कळे. पिवळ्या रंगानं उंदीर पायांपासून दूर राहतात, असंही सांगितलं जाई.

लंडनमधल्या १६६६ च्या मोठ्या आगीत शाळेच्या बऱ्याच इमारती जळाल्या. पण थोड्याच वर्षांत, १६७३ मध्ये, दुसऱ्या चार्ल्सनं इथे गणिताची खास शाखा काढली. चाळीस मुलांना गणित आणि नौकानयन शिकवून जहाजांवर पाठवायचं, हा हेतू. हाच तो राजा, ज्यानं आंदणात मिळालेलं मुंबई बेट १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. पुढे याच शाळेतला निबंधकार चार्ल्स लॅम लंडनमध्ये त्या कंपनीच्या कचेरीत तेहेतीस वर्षं कारकून होता. तो आणि कवी कोलरिज एकाच वेळचे विद्यार्थी. त्या दिवसांतलं अपुरं जेवण आणि मास्तरांचा मार लॅमनं लिहून ठेवला आहे, आणि शाळेवरची मायाही.

१९०२ मध्ये मुलांची शाळा लंडन सोडून हॉर्शमला आली. मुलींची शाळा हर्टफर्डला होती, ती १९८५ मध्ये इथेच येऊन मिळाली. दुपारच्या जेवणाला मुलं बँडच्या तालावर संचलन करत भोजनगृहात जातात. सप्टेंबरमध्ये सेंट मॅथ्यूच्या सणानिमित्त लंडन शहरातून त्यांची मिरवणूक निघते.

ईटन हे इंग्लंडमधलं नामांकित विद्यालयसुद्धा १४४० मध्ये सत्तर गरीब विद्यार्थ्यांसाठीच निघालं होतं. कालांतरानं ते श्रीमंतांचं झालं. क्राइस्ट्स हॉस्पिटलनं मात्र फी पालकांच्या मिळकतीनुसार ठरवायची रीत सोडली नाही. काही मुलं पूर्ण फी देतात, काही एक पैसाही देत नाहीत. डगला सगळ्यांना शाळाच देते, विनामूल्य, त्यामुळे कोण कुठल्या घरचं हे अंगावरून ओळखू येत नाही. एकेकाळी गरिबीची खूण असलेल्या वेशानं आता हे काम करावं, याचं मला फार मोल वाटतं. काही वर्षांपूर्वी शाळेनं मुलांनाच विचारलं, वेश बदलायचा का? बहुतेक सगळ्यांनी आहे तोच ठेवा म्हणून सांगितलं.

शाळा सोडताना प्रत्येकाला बायबल मिळतं आणि एक जबाबदारी सांगितली जाते: इथे जे मिळालं ते विसरू नकोस, आणि पुढे ऐपत येईल तशी दुसऱ्या मुलाच्या शिक्षणाची सोय कर.