‘लोकयुद्ध’ : एका शब्दाची आणि बेचाळीसच्या निर्णयाची पार्श्वभूमी

‘लोकयुद्ध’ हा शब्द मराठीत दोन उलट अर्थांनी वावरला आहे. १९४२ साली मुंबईतून कम्युनिस्ट पक्षाचे या नावाचे साप्ताहिक निघत होते. तेव्हा लोकयुद्ध म्हणजे हिटलर आणि जपानविरुद्धचे महायुद्ध. ते जिंकायचे असेल तर गिरण्या चालल्या पाहिजेत, रेल्वे धावली पाहिजे, संप टाळले पाहिजेत. १९८० नंतर गडचिरोलीच्या जंगलात हाच शब्द आला तो सरकारविरुद्ध बंदूक उचलण्याच्या अर्थाने. चर्चेत हे दोन्ही अर्थ सर्रास एकमेकांत मिसळतात, आणि बेचाळीस साली ‘छोडो भारत’च्या लढ्यापासून दूर राहायचे या पक्षाने का ठरवले, हा प्रश्न शिव्या आणि समर्थन यांच्यामध्ये हरवतो.

आधीचा इतिहास थोडक्यात. कम्युनिस्ट पक्षाचा जन्म १९२० साली ताश्कंदला झाला की १९२५ च्या डिसेंबरात कानपूरला, यावर आजचे दोन मोठे डावे पक्षही एकमत नाहीत. मराठी माणसाला तो दिसला १९२८ मध्ये. मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप चालवला आणि पक्षाचा लाल बावटा परळ-लालबागमध्ये घरचा झाला. पुढच्या मार्चमध्ये देशभर कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि त्यांच्यावर मीरतचा कटाचा खटला उभा राहिला. पण त्याच १९२८ साली मॉस्कोहून जागतिक धोरण आले होते की मध्यमवर्गीय राष्ट्रीय नेतृत्व हे क्रांतीच्या वाटेतला अडसर आहे. म्हणून १९३० च्या कायदेभंगात लाल बावटा बाजूला उभा राहिला. बेचाळीसला राष्ट्रीय चळवळीपासून झालेली फारकत ही पहिली नव्हती, दुसरी होती, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. मधल्या काळात, १९३५ नंतर, धोरण फिरले होते. पक्षावर १९३४ पासून बंदी होती, तरी कार्यकर्ते काँग्रेसच्या आत राहून किसान सभा आणि विद्यार्थी संघटना बांधत होते. ती पाच वर्षे त्यांची खऱ्या अर्थाने भरभराटीची.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. पक्षाने ते ‘साम्राज्यवादी युद्ध’ ठरवले आणि २ ऑक्टोबरला मुंबईत सुमारे नव्वद हजार कामगारांनी एक दिवसाचा युद्धविरोधी संप केला. ‘ना एक पै, ना एक भाई’ ही घोषणा त्याच काळातली. सरकारने नेते पकडून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत टाकले. २२ जून १९४१ ला जर्मन फौजा सोव्हिएत भूमीत घुसल्या आणि खरा पेच उभा राहिला.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पक्षाने रातोरात कोलांटी मारली, असे सांगितले जाते. ते खरे नाही. हल्ल्यानंतर जवळजवळ सहा महिने भूमिगत नेतृत्व जुन्याच भूमिकेवर ठाम होते: रशियाला पाठिंबा, पण हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारच्या युद्धप्रयत्नांना नाही. देवळीच्या तारांआडून मात्र वेगळा सूर येत होता. युद्ध हे अखंड आहे, त्याचे तुकडे पाडता येत नाहीत, जगातले पहिले कामगारांचे राज्य बुडाले तर कोणत्याच देशाचे स्वातंत्र्य टिकणार नाही, असा तुरुंगातल्यांचा युक्तिवाद होता. ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचा आग्रहही त्याच दिशेचा होता. डिसेंबर १९४१ मध्ये ठराव झाला आणि ‘साम्राज्यवादी युद्ध’ हे ‘लोकयुद्ध’ झाले. म्हणजे निर्णय वाद घालूनच झाला. पण त्या वादात निर्णायक ठरलेला मुद्दा व्होल्गाकाठचा होता, गंगेकाठचा नव्हे, हेही तितकेच खरे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचे.

जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरची बंदी उठवली. लगेच ऑगस्ट उजाडला. ८ तारखेच्या रात्री गवालिया टँकवर काँग्रेसच्या बैठकीत ‘छोडो भारत’चा ठराव आला तेव्हा तेरा सभासदांनी, बहुतेक कम्युनिस्टांनी, विरुद्ध मत दिले. त्यानंतरच्या भाषणात गांधीजींनी या तेरा मित्रांचे अभिनंदन केले आणि त्यांनी लाज वाटण्यासारखे काही केलेले नाही, असे म्हटले. त्या एका प्रसंगात दोन्ही बाजूंची जी प्रतिष्ठा दिसते ती पुढच्या ऐंशी वर्षांच्या वादात फारशी दिसलेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली आणि देश पेटला.

त्या पेटलेल्या देशात लाल बावट्याच्या गिरणगावाने काय केले? अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या. मुंबईच्या काही दिवसांतच पुन्हा सुरू झाल्या. अहमदाबादेत मालकांचीही मूक संमती होती, हे मान्य. पण ज्या संघटनेने १९२८ मध्ये सहा महिने भोंगे थांबवले, तिचे कार्यकर्ते बेचाळीसला कामगारांना ‘उत्पादन थांबवू नका’ असे सांगत फिरले, ही गोष्ट गिरणगाव सहजी विसरणारे नव्हते. साताऱ्यात तोवर प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारे समांतर सरकार, उभे राहत होते, गावोगावी न्यायमंडळे बसत होती, आणि त्या साऱ्यात पक्ष म्हणून लाल बावटा नव्हता. पक्षाच्या साप्ताहिकांतून आझाद हिंद सेनेच्या नेत्याला जपान्यांच्या हातातले बाहुले दाखवणारी व्यंगचित्रे निघाली. पक्षाला पुढे त्याची कबुली द्यावी लागली. ती चित्रे काढायलाच नको होती.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. अटकेतल्या नेत्यांना सोडा, राष्ट्रीय सरकार बनवा, ही मागणी पक्षाने सोडली नव्हती, आणि सरकारी गोटातला त्यांच्याबद्दलचा संशयही गेला नव्हता. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती तेव्हा लंगरखाने चालवणारे, गावोगाव फिरून भुकेची चित्रे काढणारे, गाणी आणि नाटके घेऊन मदत गोळा करणारे हेच लोक होते. लोकनाट्याची ती देशव्यापी चळवळ मे १९४३ मध्ये मुंबईतच जन्मली, पक्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या दिवसांत. सभासदसंख्या वर्षभरात पाच हजारांच्या आसपासवरून पंधरा हजारांच्या वर गेली होती. वाढ खरी होती. पण मोकळीक सरकारने दिलेली आणि इतरांना तुरुंगात डांबून दिलेली होती. याच काळात मुस्लिमबहुल भागांतल्या लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा, प्रसंगी फुटून निघण्याचा हक्क मान्य करणारा ठराव झाला. फाळणीनंतर त्याची किंमत वेगळी मोजावी लागली.

हा निर्णय हिंदुस्थानापुरता पाहिला तर केवळ परक्यांच्या हुकमाची कहाणी वाटते. आशियाच्या नकाशावर ठेवला की त्याची खरी अडचण समजते. चीनमध्ये १९३७ नंतर जपानी फौजा देशात होत्या. फॅसिझमविरोधी लढा आणि देश वाचवण्याचा लढा एकच होता. व्हिएतनाममध्ये मे १९४१ मध्ये स्थापन झालेली आघाडी फ्रेंच आणि जपानी दोघांविरुद्ध एकदमच लढू शकली, कारण दोघेही तिच्याच उरावर बसले होते. फिलिपिन्समध्ये मार्च १९४२ मध्ये लुझोनच्या शेतकऱ्यांनी जपान्यांविरुद्ध फौज उभारली. मलायात कम्युनिस्ट गनिमांना खुद्द इंग्रजांनी शस्त्रे दिली आणि १९४८ मध्ये त्यांच्याविरुद्धच आणीबाणी पुकारली. ब्रह्मदेशातली तरुण राष्ट्रवादी फौज १९४२ मध्ये जपान्यांबरोबर आली. ऑगस्ट १९४४ मध्ये तिच्या नेतृत्वाने कम्युनिस्टांसह आघाडी केली आणि २७ मार्च १९४५ ला ती जपान्यांवर उलटली.

या सगळ्या देशांत ‘लोकयुद्ध’ शब्द शेतकऱ्याला समजावून सांगावा लागला नाही. त्याच्या दारात जपानी सैनिक उभा होता. हिंदुस्थानच्या दारात इंग्रज शिपाई उभा होता. जपानी फौज १९४४ मध्ये इम्फाळ-कोहिमापर्यंत आली आणि तिथेच अडली. कराड-तासगावच्या शेतकऱ्याला धान्यवसुली करणारा, काठ्या चालवणारा, गोळ्या घालणारा दिसत होता तो गोऱ्या सरकारचाच माणूस. जागतिक हिशेबात फॅसिझमचा पराभव अगत्याचा होता, यात मला शंका नाही. पण शब्दातले ‘युद्ध’ मॉस्कोचे आणि ‘लोक’ साताऱ्याचे, असा तो जोड होता आणि तो इथे कधीच सांधला गेला नाही.

१९४५ च्या अखेरीस काँग्रेसने कम्युनिस्ट सभासदांना बाहेर काढले. तोवर पक्ष पुन्हा लढ्यात उतरला होता: ठाणे जिल्ह्यात तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारी झुगारली ती लाल बावट्याखाली. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांचे बंड झाले, जहाजांवर तिरंगा, हिरवा आणि लाल असे तीन झेंडे चढले. काँग्रेस आणि लीगच्या नेत्यांनी माघारीचा सल्ला दिला. २२ तारखेचा हरताळ पुकारला तो कम्युनिस्टांनी. परळ-लालबागच्या रस्त्यांवर गोळीबार झाले, दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर १९४८ मध्ये ‘यह आज़ादी झूठी है’चा पवित्रा, पुन्हा बंदी, पुन्हा तुरुंग. महाराष्ट्रात मात्र दुरावा भरून निघाला तो १९५६ ते ६० या काळात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बेचाळीसचे समाजवादी आणि बेचाळीसला विरोध करणारे कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले, शाहिरांनी गिरणगाव पुन्हा जागे केले. प्रतिसरकारचा सर्वांत मोठा नेता १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेला तो कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने. मराठी मुलखाने बेचाळीसचा हिशेब अशा रीतीने मिटवला.

कागदपत्रांच्या जगात तो मिटला नाही. १९६४ मध्ये मुंबईच्या एका साप्ताहिकाने पक्षाचे नेते डांगे यांनी इंग्रज सरकारला लिहिलेली म्हणून अभिलेखागारातली १९२४ ची पत्रे छापली आणि त्या वादळात पक्ष फुटायला निमित्त मिळाले. १९८४ मध्ये मुंबईच्याच दुसऱ्या साप्ताहिकातून बेचाळीसच्या काळातील सरकारी पत्रव्यवहारावर आधारलेली मालिका आली. आजचे बहुतेक आरोप तिथून उचललेले असतात, आणि बहुतेक उत्तरेही त्याच मालिकेला दिलेली.

आणि शब्द? त्याचा दुसरा अर्थ चीनच्या ग्रामीण भागातून आला: खेडी ताब्यात घेत शहरांना वेढणारे दीर्घकालीन युद्ध. १९८० मध्ये आंध्रात या नावाने ओळखला जाणारा गट स्थापन झाला आणि त्याची दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, प्राणहिता नदी ओलांडून गडचिरोलीत आली. तेंदूपत्त्याच्या मजुरीपासून सुरुवात झाली, पुढे भूसुरुंग आणि चकमकी आल्या, खबऱ्या ठरवून मारलेल्या आदिवासींची प्रेते आली. नेपाळमध्ये १९९६ साली ‘जनयुद्ध’ सुरू झाले आणि दहा वर्षांनी ते निवडणुकीच्या वाटेवर संपले. गडचिरोलीत ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च समितीतला एक नेता साठेक साथीदारांसह बंदुका ठेवून शरण आला. बेचाळीस साली सँडहर्स्ट रोडवरच्या कचेरीत साप्ताहिकाचे गठ्ठे बांधणाऱ्या तरुणांचा आणि या दलमांचा संबंध एका शब्दापलीकडे फार थोडा आहे.