नावात इमेजिंग आले, उपचार मागे राहिले

न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी पदार्थांनी निदान आणि उपचार करणारी वैद्यकशाखा) आणि मॉलिक्युलर इमेजिंग (शरीरात रेणूंच्या पातळीवर चाललेल्या घडामोडींचे चित्रण) यांच्या अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेचा अध्यक्ष दर वर्षी जूनच्या अधिवेशनाच्या सुमारास बदलतो. आधी एक वर्ष नियोजित अध्यक्ष, मग बारा महिने अध्यक्ष, मग एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीत, अशी साखळी आहे. गेल्या काही वर्षांत ही माळ कोणाच्याही गळ्यात पडली तरी कामाचा मुख्य विषय बदललेला नाही. तो म्हणजे किरणोत्सारी औषधांनी केला जाणारा कर्करोगाचा उपचार. ही औषधे देण्याचा अधिकार कोणाला असावा, ती पुरेशी मिळतील का, त्यांचा खर्च कोण उचलणार, या प्रश्नांत प्रत्येक अध्यक्षाचे वर्ष जाते.

‘सोसायटी ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन अँड मॉलिक्युलर इमेजिंग’ या संघटनेच्या नावात मात्र उपचाराचा उल्लेख नाही. नाव बदलायची संधी २०१२ मध्ये आली तेव्हा ‘मॉलिक्युलर इमेजिंग’ हे शब्द जोडले गेले आणि उपचार बाहेर राहिला. हा निर्णय त्या वेळच्या नेत्यांनी का घेतला, हे कळल्याशिवाय आजचे वाद नीट उलगडत नाहीत.

सुरुवात १९५४ ची. १९ जानेवारीला वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथील एका हॉटेलात बारा जण जमले आणि संघटना स्थापन झाली. मे महिन्याच्या अखेरीस सिअॅटलला पहिले अधिवेशन भरले. या मंडळींत डॉक्टरांबरोबर शास्त्रज्ञही होते. आपल्याकडे हृदयाचे ठोके दिवसभर नोंदवायचे असले की ‘होल्टर लावला’ म्हणतात. त्या यंत्राचा मोंटानातील जनकही संस्थापकांपैकी एक. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांना एकाच संघटनेत समान जागा देण्याची ही पद्धत पुढे टिकली, म्हणूनच २०२० आणि २०२४ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या व्यक्ती रसायनशास्त्रातील होत्या. वैद्यकीय संघटनांमध्ये हे सहसा दिसत नाही, आणि या संघटनेची ती मोठी जमेची बाजू आहे.

त्या काळातले काम उपचाराशी घट्ट बांधलेले होते. बॉस्टनमध्ये १९४१ साली थायरॉइडच्या रुग्णाला रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, दिले गेले होते. १९४६ पासून ओक रिजच्या अणुभट्टीतून समस्थानिके रुग्णालयांना मिळू लागली आणि थायरॉइडच्या कर्करोगावर रेडिओआयोडीनचा परिणाम त्याच वर्षी छापून आला. जो अणू गाठ दाखवतो तोच ती नष्ट करतो, हे तत्त्व आज ‘थेरानोस्टिक्स’ म्हणून नव्याने मांडले जाते. या विद्याशाखेचा पायाच त्यावर घातलेला होता.

मग शरीरातील किरणोत्साराचे चित्र टिपणारा कॅमेरा आला, स्कॅनसाठीचे किरणोत्सारी टेक्नेशियम आले आणि लक्ष चित्राकडे वळले. १९६० मध्ये संघटनेचे नियतकालिक निघाले, १९७० मध्ये तंत्रज्ञांचा स्वतंत्र विभाग झाला आणि त्याला स्वतःचा अध्यक्ष मिळाला. १९७१ मध्ये डॉक्टरांना प्रमाणपत्र देणारे मंडळ स्थापन झाले, पण ते औषधवैद्यक, विकृतिशास्त्र आणि रेडिओलॉजी या तीन जुन्या मंडळांच्या संयुक्त आश्रयाखाली होते. पूर्ण दर्जा मिळायला १९८५ उजाडले. हा विषय स्वतंत्र आहे की रेडिओलॉजीची एक शाखा, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक अध्यक्षाच्या पदरी आहे. मुख्यालय आधी न्यूयॉर्कला होते, नंतर ते व्हर्जिनियातील रेस्टनला, म्हणजे देशाच्या राजधानीच्या दाराशी गेले. नेत्यांचा बराचसा वेळ सरकारी कचेऱ्यांत जातो, हे पाहता ही जागा योग्यच म्हणायची.

पेट स्कॅनने सगळे बदलून टाकले. एफडीजी, म्हणजे या स्कॅनसाठीची किरणोत्सारी साखर, माणसाला पहिल्यांदा १९७६ मध्ये फिलाडेल्फियात दिले गेले. वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याने त्यासाठी पैसे मोजायला सुरुवात केली ती १९९८ मध्ये, तीही फुप्फुसाच्या मोजक्या कारणांसाठी. या बावीस वर्षांत संशोधन पुढे गेले, पण सामान्य रुग्णापर्यंत ते फारसे पोचले नाही. पुढे २००६ मध्ये देशव्यापी नोंदवही सुरू झाली. स्कॅन करा, आधी काय करणार होता आणि नंतर काय केले ते कळवा, तरच पैसे, अशी अट होती. सुमारे २३ हजार स्कॅनच्या नोंदी २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्या तेव्हा ३६.५ टक्के रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी आपला बेत बदलल्याचे दिसले. पुराव्याच्या जोरावर विमा मिळवता येतो हा धडा त्या पिढीच्या नेत्यांनी मनावर घेतला आणि इमेजिंग हेच भविष्य, ही त्यांची खात्री झाली.

याच सुमाराला ‘मॉलिक्युलर इमेजिंग’ हा शब्दप्रयोग सगळीकडे वापरात आला. युरोपातील प्रमुख नियतकालिकाने तो २००२ मध्येच आपल्या नावात घेतला होता. जनुकांच्या संशोधनाने प्रयोगशाळा भारलेल्या होत्या, निधी त्या दिशेने वाहत होता, या नावाच्या नव्या संस्था निघत होत्या. रेडिओलॉजीवालेही त्यावर हक्क सांगत होते. न्यूक्लिअर मेडिसिनच्या नेत्यांपुढे पेच होता: ज्याला जग नवे म्हणत आहे ते आपण अर्धशतक करत आलो आहोत, आणि तरी ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा होणार. त्यांनी त्यासाठी स्वतंत्र केंद्र उभे केले, निधी गोळा केला आणि २००७ मध्ये व्याख्या प्रसिद्ध केली. मानवात आणि इतर सजीवांत रेणू आणि पेशींच्या पातळीवर चालणाऱ्या जैविक प्रक्रिया पाहणे, त्यांचे स्वरूप ठरवणे आणि त्या मोजणे, असा तिचा आशय होता. पुढे तंत्रांची यादी होती: किरणोत्सारी ट्रेसर (शरीरातील प्रक्रियेचा माग दाखवणारे पदार्थ), एमआर (म्हणजे एमआरआय), एमआर स्पेक्ट्रोस्कोपी, प्रकाशीय इमेजिंग, अल्ट्रासाउंड.

या यादीतच पुढच्या अडचणीचे मूळ आहे. व्याख्या संघटनेची, पण संघटनेचे स्वतःचे काम तिच्यात अनेकांपैकी एक होऊन बसले. एमआर आणि अल्ट्रासाउंड करणारे रेडिओलॉजिस्ट या संघटनेकडे धावत येण्याचे काही कारण नव्हते. त्यांची घरे आधीच भरलेली होती. दुसरे म्हणजे, व्याख्या पाहणे आणि मोजणे यापाशी थांबते. आयोडीनने थायरॉइडचा कर्करोग बरा करणे हे संघटनेतले सर्वांत जुने काम तिच्यात बसत नाही.

त्या वर्षांत संघटना आद्याक्षरांनीच ओळख सांगत असे आणि खाली ब्रीदवाक्य असे: मॉलिक्युलर इमेजिंग आणि थेरपी पुढे नेणारी. तेथे उपचार होता. २०१२ मध्ये पूर्ण नाव परत आले, ‘न्यूक्लिअर मेडिसिन’ जपले गेले, ‘मॉलिक्युलर इमेजिंग’ जोडले गेले, आणि ‘थेरपी’ गळाली. ‘न्यूक्लिअर’ शब्द टिकला हे चांगलेच झाले. १९८० च्या दशकात एनएमआर या एमआरआयच्या जुन्या नावातला तोच शब्द लोकांच्या भीतीपोटी काढून टाकला गेला होता. येथे तसे झाले नाही. संघटनेच्या मुख्य नियतकालिकानेही आपले जुने नाव सोडले नाही, त्यामुळे संघटना एका नावाची आणि तिचे नियतकालिक दुसऱ्या नावाचे, अशी स्थिती आजही आहे.

त्या नेत्यांना दोष देण्याआधी तेव्हाचा बाजार पाहायला हवा. लिम्फोमा या लसिकासंस्थेच्या कर्करोगावर दोन किरणोत्सारी प्रतिपिंडे २००२ आणि २००३ मध्ये मंजूर झाली होती. एका मात्रेत उपचार संपे आणि परिणाम उत्तम होता. पण कर्करोगतज्ज्ञाला ती स्वतः देता येत नव्हती, रुग्ण दुसऱ्या विभागाकडे पाठवावा लागे, आणि विम्याचे गणित जुळत नव्हते. त्यांपैकी एकाची विक्री २०१४ मध्ये थांबली. औषध गुणी, तरीही हरले. हा अनुभव डोळ्यांसमोर असताना उपचाराला पाटीवर जागा द्यावी असे न वाटणे समजू शकते.

शिवाय त्या वर्षांत घरातच आग लागली होती. कॅनडातील चॉक रिव्हरची मॉलिब्डेनम पुरवणारी जुनी अणुभट्टी मे २००९ मध्ये बंद पडली ती ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली. मधल्या काळात नेदरलँड्समधील पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी काही महिने थांबली. मॉलिब्डेनम ६६ तासांत निम्मे होते आणि त्यापासून मिळणारे टेक्नेशियम सहा तासांत. साठा करून ठेवता येत नाही. हृदयाचे आणि हाडांचे स्कॅन पुढे ढकलले गेले, थॅलियम हा जुना किरणोत्सारी पदार्थ पुन्हा बाहेर काढावा लागला. आपल्या देशात एकही भट्टी हा माल बनवत नाही, हे कायदेमंडळाला पटवून देण्यात नेत्यांची उमेद खर्ची पडली. देशांतर्गत उत्पादनाला बळ देणारा कायदा जानेवारी २०१३ मध्ये झाला.

एवढे मान्य करूनही माझे मत असे की ‘थेरपी’ हा शब्द गाळणे ही चूक होती, आणि तिची चिन्हे त्याच वेळी दिसत होती. रॉटरडॅममध्ये किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडलेल्या डोटाटेट या औषधाने न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींवर काम चालू होते, जर्मनीतही. अमेरिकी रुग्ण स्वतःच्या खर्चाने तिकडे विमानाने जात होते. मुंबईत परळला १९६३ पासून चालू असलेल्या अणुऊर्जा खात्याच्या केंद्रात थायरॉइड कर्करोगाच्या रुग्णांना रेडिओआयोडीन देण्याची परंपरा कधी खंडित झाली नव्हती. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम तयार होत होते, आणि अमेरिकेत मंजुरी मिळण्याच्या बऱ्याच आधी ते उपचार मुंबईत दिले जात होते. भारतातल्या संघटनेने नाव बदलले नाही. ‘न्यूक्लिअर मेडिसिन’ या दोन शब्दांत चित्रही येते आणि औषधही, ही तिथली समजूत जास्त शहाणपणाची ठरली. अमेरिकेतील संघटनेच्या वार्षिक अधिवेशनांत या देशांतले निकाल सादर होतच होते. म्हणजे माहिती सभागृहात होती.

रेडियम-२२३ हे किरणोत्सारी औषध अमेरिकेत मे २०१३ मध्ये मंजूर झाले, नामांतराला वर्षही उलटले नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये ल्युटेशियम डोटाटेट आले. मग प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवरील पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारे ल्युटेशियमचे औषध. ८३१ रुग्णांच्या चाचणीत आयुर्मानाचा मध्यक ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेला आणि मार्च २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. सगळे पर्याय संपत आलेल्या रुग्णांना मिळालेले हे चार महिने आहेत. औषध बनवणाऱ्यांना मागणी पेलेना, रुग्ण प्रतीक्षायादीत गेले.

आणि लगेच हक्काचा प्रश्न आला. ही औषधे देण्यासाठी डॉक्टरला ७०० तासांचे प्रशिक्षण लागते. ते फार आहे, मर्यादित प्रशिक्षणाचा छोटा मार्ग असावा, अशी मागणी काही वर्षे जोर धरत होती. लिम्फोमाची औषधे याच अटीमुळे बुडाली असे तिच्या समर्थकांचे म्हणणे. संघटनेच्या नेत्यांनी विरोध केला आणि अणुनियामक आयोगाने २०२२ च्या सुरुवातीला नियम होता तसाच ठेवला. नेते या वेळी बरोबर होते असे मला वाटते. शरीरात सोडलेला किरणोत्सार परत घेता येत नाही, आणि मूत्रपिंड, मज्जा, लाळग्रंथी सांभाळत मात्रा ठरवणे हे शिकल्याशिवाय येत नाही. पण रेडिएशन ऑन्कोलॉजीवाल्यांकडे, म्हणजे किरणोपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांकडे, हे प्रशिक्षण असते, आणि उपचार हेच त्यांचे मूळ काम आहे. अनेक रुग्णालयांत आता ल्युटेशियम कोणत्या विभागात द्यायचे यावर ओढाताण आहे.

दुसऱ्या एका प्रश्नावर नेत्यांची भूमिका मला कमी पटते. इंजेक्शन देताना औषध शिरेबाहेर पाझरले तर त्याची नोंद नियामकाला द्यावी का? १९८० मध्ये आयोगाने हे टाळता न येणारे म्हणून सूट दिली होती. २०२० मध्ये ती रद्द करावी असा अर्ज आला. पाझर मोजण्याचे उपकरण विकणाऱ्याचा तो होता, हे खरे, आणि संघटनेने त्यावर बोट ठेवले. पण अर्जदाराचा हेतू काहीही असला तरी हातात गळालेले किरणोत्सारी औषध रुग्णाच्या हातातच असते. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने मधला रस्ता घेतला: ज्या पाझरामुळे किरणोत्साराची इजा होऊन वैद्यकीय उपचार लागतील तो कळवण्याचा नियम करायचे ठरवले. संघटनेने स्वतः होऊन एवढी तयारी दाखवली असती तर बरे झाले असते, कारण उपचाराच्या मात्रा निदानाच्या मात्रांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात.

पैशाच्या आघाडीवर अलीकडे यश आले. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात निदानासाठी वापरलेल्या किरणोत्सारी औषधाची किंमत सरकारी विमा स्कॅनच्या दरातच गुंडाळत असे, त्यामुळे महाग पेट औषध वापरणारे रुग्णालय तोट्यात जाई. वर्षानुवर्षे एका अध्यक्षाने दुसऱ्याकडे हे काम सोपवले. १ जानेवारी २०२५ पासून दिवसाला ६३० डॉलरपेक्षा महाग औषधाचे पैसे वेगळे मिळू लागले. ल्युटेशियमचा उपचार द्यायचा की नाही हे पीएसएमए पेटवरून ठरते, त्यामुळे चित्रासाठी मिळवलेला हा पैसा थेट उपचाराच्या वाटेवर खर्च होतो. ही सवलत नियमातून आली आहे, कायद्यातून नाही. आकडा दरवर्षी नव्याने ठरतो. ती कायद्यात बसवण्याचा पाठपुरावा अध्यक्षांच्या कामांच्या यादीत अजून आहे.