मक्यातील बुरशीचे विष : पंचमहाल आणि बांसवाड्याची पार्श्वभूमी

मक्याच्या पदार्थांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष सापडल्याची बातमी आली की भारतातील अभ्यासकांना १९७४ साल आठवते. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या लगतच्या आदिवासी जिल्ह्यांत दोनशेहून अधिक गावांत एकाएकी कावीळ पसरली. रुग्णांच्या पोटात पाणी होऊ लागले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. साथ संसर्गजन्य काविळीची असावी, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक होते, पण दोन गोष्टी त्यात बसत नव्हत्या. आजार मका खाणाऱ्या घरांतच होता, आणि त्याच घरांतील उष्ट्यावर जगणारी कुत्रीही तशीच पोट फुगून मरत होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने घराघरांतील मका तपासला. काढणीच्या सुमारास अवकाळी पावसात कणसे भिजली होती आणि तसाच ओलसर मका साठवल्याने त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी माजली होती. (अफ्लाटॉक्सिन हे नावही या बुरशीच्याच नावावरून घडवलेले आहे.) मक्याच्या नमुन्यांत किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम विष आढळले. धान्यासाठी भारतातील आजची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम (०.०१५ मिलिग्रॅम) आहे. म्हणजे सर्वांत दूषित मक्यात ती हजारपटीहून अधिक ओलांडली गेली होती. दाणे बुरसटलेले आहेत हे लोकांना दिसत नव्हते असे नाही, पण घरात खाण्याजोगे दुसरे धान्य नव्हते. भाकरी भाजल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही.

हे विष तेव्हा नवे नव्हते. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, त्या शोधातूनच ते हाती लागले होते. थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेल्यास ते यकृताचा कर्करोग घडवते, आणि हिपॅटायटिस बी झालेल्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो, हे पुढे स्पष्ट झाले. दूषित खाद्य खाणाऱ्या जनावरांच्या दुधातही त्याचा अंश उतरतो. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी व जुलाबाची साथ आली; तिच्यामागे फ्युमोनिसिन हे वेगळ्या बुरशीचे विष होते.

आजच्या मर्यादा बाजारात येणाऱ्या मालाला लागू होतात. पंचमहालचा मका मात्र घरच्या शेतातून थेट घरच्या चुलीवर गेला होता.