वेळ तीच, चाल वेगळी

पणजीत सकाळी सहाच्या सुमारास कांपालच्या पदपथावर ठराविक चेहरे ठराविक जागी भेटतात. मांडवी उजव्या हाताला ठेवून मिरामारपर्यंत जायचे, सर्कलला वळसा घालायचा आणि आल्या वाटेने परत फिरायचे. पावसात छत्री, एरवी टोपी, बाकी काही बदलत नाही. वर्षानुवर्षे न चुकता चालणाऱ्या या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्याच तोंडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "सुरुवातीला वजन उतरलं, दम लागायचा थांबला. आता मात्र काही फरकच पडत नाही बघा. अजून दोन किलोमीटर वाढवू काय?"

वाढवायला हरकत नाही. पण त्याआधी आहे त्याच वेळात चालण्याची तऱ्हा बदलून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. वेळ आणि सोबत मात्र मोडू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. सवयीला धरून ठेवतात त्या रोजच्या खुणा: पहाटेचा चहा, दाराशी काढून ठेवलेले बूट, कोपऱ्यावर वाट पाहणारा मित्र. इतक्या कष्टाने बसलेली घडी विस्कटण्यात शहाणपण नाही. घराबाहेर पडल्यावर पाय कुठे आणि कसे पडतात, तेवढे बदलायचे.

फरक पडेनासा का होतो? चालायला लागल्यावर काही महिन्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात. मग तीच वाट, तोच वेग शरीराच्या कुवतीच्या मानाने हलका पडतो. त्यातून माणसाचे चालणे मुळातच काटकसरीचे. टेकलेल्या पायावरून आपले धड उलट्या लंबकासारखे पुढे जाते. अर्धे पाऊल वर चढते, अर्धे खाली उतरते, आणि चढताना साठलेली ऊर्जा उतरताना गतीच्या रूपाने परत मिळते. ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास ही देवाणघेवाण सर्वांत चांगली जमते. सुमारे ६५ टक्के यांत्रिक ऊर्जा अशी वाचते. आपल्याला आपसूक बरा वाटणारा वेग साधारण तोच. चालण्याचा लाभ इथे संपतो असे कुणी समजू नये. रक्तदाबाला, साखरेला, झोपेला रोजच्या चालण्याचा आधार मिळतच राहतो. कुवत वाढायची तेवढी थांबते.

ती पुन्हा वाढवायची सोपी युक्ती जपानच्या मात्सुमोतो शहरातून आली. शिन्शू विद्यापीठातील हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी सरासरी ६३ वर्षे वयाच्या २४६ जणांवर पाच महिने प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. एका गटाने चालायचेच नव्हते. दुसऱ्याने दिवसाला ८००० किंवा अधिक पावले मध्यम गतीने टाकायची. तिसऱ्याने तीन मिनिटे झपझप, तीन मिनिटे सावकाश, अशी किमान पाच आवर्तने आठवड्यातून चार दिवस तरी करायची. या तिसऱ्या गटात मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद १३ टक्के आणि मागच्यांची १७ टक्के वाढली, रक्तदाबही अधिक उतरला. संथ आठ हजार पावलांनी एवढे साधले नाही. झपझप म्हणजे किती? सोबत्याशी बोलता यावे, पण वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागावा, इतके.

आता जमिनीकडे वळू, कारण गोव्यात राहणाऱ्याला या बाबतीत जी श्रीमंती लाभली आहे ती आपण फारशी वापरत नाही. मिरामारला पदपथ सोडून सुरूच्या झाडांपलीकडे गेले की वाळू. बेल्जियममधील लूव्हँ विद्यापीठात १९९८ साली मोजमाप झाले, तेव्हा कठीण जमिनीच्या तुलनेत वाळूवर त्याच वेगाने चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते असे आढळले. पाय रेटावा तशी वाळू मागे सरकते. आपण केलेल्या कामाचा एक वाटा वाळू हलवण्यातच जातो, लंबकाची काटकसर मोडते. पोटऱ्या आणि तळपायातले बारीक स्नायू, जे बुटात आणि डांबरावर झोपून असतात, ते इथे प्रत्येक पावलाला कामाला लागतात.

पाण्याच्या कडेची ओली वाळू मात्र टणक. तिथे एकदा थांबून पाऊल दाबून पाहा. पावलाभोवतीची चकाकणारी ओली वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी फिकी होते. ओल्या वाळूचे कण एकमेकांत घट्ट बसलेले असतात. दाब आला की त्यांना एकमेकांवरून सरकण्यासाठी किंचित दूर व्हावे लागते, मधल्या फटी मोठ्या होतात आणि वरचे पाणी त्यांत ओढले जाते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली हे उलगडून दाखवले. कण असे दूर व्हायला सहज तयार नसतात, म्हणूनच तिथे पाय रुतत नाही.

आणि ही टणक पट्टी रोज सारखी नसते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, पहाटे पाणी पुष्कळ आत गेलेले असते आणि चालायला रुंद, सपाट किनारा मिळतो. आठवडाभराने, अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीचे पाणी सकाळी वर आलेले असते आणि उरते ती वरची भुसभुशीत वाळू. घड्याळ न बदलता समुद्रच आपला व्यायाम बदलून देतो. नवख्याने भुसभुशीत वाळूवर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी, नाहीतर टाचेची शीर दुखावते. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये. तळव्याची संवेदना कमी झालेली असेल तर शिंपल्याचा काप कळतही नाही. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या कडेला जाऊच नये.

पणजीच्या मधोमध आल्तिन्होची टेकडी आहे, तेही या श्रीमंतीचे एक दालनच. चढण हृदयाला काम देते हे कुणी सांगायला नको. उतरणीकडे मात्र आपण सुटका म्हणून पाहतो, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते. पणजीच्या मळा भागातल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना वरच्या पायरीवरचा गुडघा हळूहळू वाकतो. मांडीचा पुढचा स्नायू त्या वेळी जोर लावून शरीराला धरून असतो, आणि धरता धरता स्वतः लांबत जातो. अशा कामात स्नायूला प्राणवायू कमी लागतो, पण त्याच्या तंतूंवर ताण जास्त येतो. सवय नसलेल्याच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात त्या यामुळेच. पुढच्या खेपेला तीच उतरण खूपच कमी दुखवते, कारण स्नायू एका अनुभवातच सावरून घेतो. ऑस्ट्रियाच्या फोरार्लबर्ग प्रांतात हाइन्त्स ड्रेक्सेल यांच्या गटाने लोकांना दोन महिने नुसते डोंगर चढायला लावले आणि उतरताना केबल कारने आणले. पुढचे दोन महिने उलट. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे एक प्रकारची चरबी, चढण्याने कमी झाली, ग्लुकोज पचवण्याची क्षमता मात्र उतरण्याने जास्त सुधारली. दम्यामुळे किंवा वयामुळे चढण झेपत नसेल, त्यांना मुलाने ऑफिसला जाताना स्कूटरवरून वर सोडावे आणि त्यांनी सावकाश खाली यावे, इतके सोपे आहे. गुडघ्यांची झीज असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या मात्र जून ते सप्टेंबर सर्वांनीच टाळाव्यात.

गावाकडच्या वाचकांसाठी खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींचे, बांध आहेत. खाडीचे खारे पाणी अडवणारे हे मातीचे बांध अरुंद आणि उंचसखल. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या एका प्रयोगात जमिनीत जेमतेम अडीच सेंटिमीटरचा उंचसखलपणा ठेवला, तर चालण्याची ऊर्जा २८ टक्क्यांनी वाढली. घोटा, गुडघा, कंबर प्रत्येक पावलाला तोल नव्याने जमवतात. उतारवयात पडण्याची भीती असते ती हा तोल गंजल्यामुळे. वाटेत मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या फाटकाच्या, दारांशी थांबून भरतीच्या रेट्याने ती मिटताना पाहावीत, खंड्या दिसला तर तोही.

राहिली वाट. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवण आणि वाट सांभाळणाऱ्या भागात, अशा पेशी दाखवल्या, ज्या विशिष्ट जागी आल्यावरच चेततात. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना २००५ मध्ये शेजारच्या भागात जाळीसारखा नकाशा आखणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. यातली एक गोष्ट चालणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे. सरळ पट्टीवर धावणाऱ्या उंदराच्या यातल्या बऱ्याच पेशी एकाच दिशेला चेततात. परतताना त्याच जागी वेगळ्या पेशी बोलतात. म्हणजे नेहमीची फेरी उलट दिशेने घातली तरी मेंदूला नवे काम मिळते. त्याहून बरे म्हणजे पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत शिरावे आणि फोन खिशात ठेवून मळ्याच्या बाजूने बाहेर पडावे. एवढ्याने स्मरणशक्ती दुप्पट होईल असा दावा मी करणार नाही. पण २०११ च्या एका अभ्यासात वर्षभर चालणाऱ्या वृद्धांचा हिप्पोकॅम्पस दोन टक्क्यांनी वाढला होता, आणि जो भाग चालण्याने वाढतो त्याला वाट शोधायचे त्याचे स्वतःचे काम द्यावे, हे मला योग्य वाटते.

शेवटचा बदल सकाळचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहताही रक्तातले ग्लुकोज आत घेतो. साठीपुढच्या, साखर वाढण्याचा धोका असलेल्या लोकांच्या एका छोट्या अभ्यासात (२०१३) प्रत्येक जेवणानंतर अर्ध्या तासाने १५ मिनिटे चाललेल्यांची रात्रीच्या जेवणानंतरची साखर सकाळी सलग ४५ मिनिटे चालण्यापेक्षा चांगली आटोक्यात राहिली. तेव्हा सकाळची फेरी थोडी आखूड झाली तरी चालेल, पण रात्री भात-हुमण झाल्यावर घराभोवती पंधरा मिनिटांची शतपावली जरूर घालावी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहिल्या काही रात्री परतल्यावर साखर मोजून पाहावी आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा.